अच्युत कानविंदे : आचऱ्याचा वास्तुकार आणि सावलीच्या वाटा

आधुनिक स्थापत्य पाहण्यासाठी अहमदाबादेत देशोदेशींचे विद्यार्थी येतात. एका दिवसाच्या पायपिटीत या शहरात जे पाहायला मिळते, ते भारतातील फार थोड्या शहरांत मिळते. सकाळी पालडीतील संस्कार केंद्र आणि आश्रम रोडवरील गिरणीमालक संघाची इमारत. या दोन्ही फ्रेंच वास्तुकार ल कार्बुझिए यांच्या. दुपारी विद्यापीठ परिसरात बाळकृष्ण दोशी यांचे वास्तुकला विद्यालय आणि त्याच्या शेजारची जमिनीत दडलेली गुंफा. उन्हे उतरताना अमेरिकन वास्तुकार लुई कान यांनी उभारलेली भारतीय व्यवस्थापन संस्था आणि तिच्या विटांच्या कमानी. याच टापूत आणखी दोन संशोधन संस्था आहेत. एक भौतिक संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे पीआरएल आणि दुसरी कापड गिरण्यांची संशोधन संस्था, म्हणजे अतिरा. बहुतेक पाहुणे या दोन इमारतींपुढून न थांबता जातात.

वास्तविक क्रम लावायचा तर आरंभ येथूनच करावा लागेल. कार्बुझिए अहमदाबादेत पहिल्यांदा आले ते १९५१ मध्ये. अतिराच्या इमारतीची कोनशिला त्यापूर्वीच, नोव्हेंबर १९५० मध्ये, सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते बसली होती. तिचा आराखडा काढणारा वास्तुकार तेव्हा ३४ वर्षांचा होता आणि तो सिंधुदुर्गातल्या आचरे गावचा मराठी माणूस होता. त्यांचे नाव अच्युत पुरुषोत्तम कानविंदे.

कानपूरची आयआयटी, मेहसाण्याची दूधसागर डेअरी, आणंदचे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, बंगळुरूचे कृषी विद्यापीठ, मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र, पुण्याची राष्ट्रीय विमा अकादमी, दिल्लीचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र आणि इस्कॉनचे मंदिर, एवढा विस्तार असलेल्या या वास्तुकाराचे नाव वास्तुकलेच्या वर्गाबाहेर महाराष्ट्रात क्वचितच घेतले जाते. चित्रकार, गायक, नट यांची चरित्रे आपल्याकडे घरोघरी वाचली जातात. ज्याच्या इमारतीत हजारो माणसे रोज वावरतात, त्याचे नाव मात्र कोनशिलेवरही नसते. तेथे उद्घाटक मंत्र्याचे नाव असते.

कानविंदे यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१६ चा. आचरे हे मालवण तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. रामेश्वराचे देवस्थान आणि ठराविक वर्षांनी होणारी गावपळण यांसाठी ते कोकणात प्रसिद्ध आहे. देवाचा कौल मिळाला की तीन दिवस, तीन रात्री सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहुट्या घालून राहतो आणि घरे मोकळी पडतात. घर म्हणजे काय आणि निवारा म्हणजे काय, याचा धडा अशा गावातल्या मुलाला वेगळा द्यावा लागत नसावा. कुटुंब मोठे होते. अच्युत दोन वर्षांचे असताना आई गेली. वडील मुंबईत कलाशिक्षक होते. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे रंगवीत. मुलाच्या हाती पेन्सिल आली ती वडिलांकडून. ओढ चित्रकलेची होती. वळण मात्र वास्तुकलेचे लागले.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. तेथे क्लॉड बॅटली हे इंग्रज प्राध्यापक होते. मुंबई सेंट्रलचे स्थानक ज्यांनी रेखाटले तेच हे बॅटली. परदेशी नमुने डोळे झाकून उचलण्यापेक्षा या देशातली जुनी घरे आणि देवळे मोजा, त्यांच्या पडव्या, सज्जे, चौक का आहेत ते शोधा, असा त्यांच्या शिकवणीचा रोख असे. कानविंदे १९४२ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी शांतिस्वरूप भटनागर यांच्या पुढाकाराने वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, स्थापन झाली होती. तरुण कानविंदे तेथे नोकरीला लागले. युद्ध चालू होते, स्वातंत्र्य दृष्टिपथात होते आणि युद्धानंतर देशभर प्रयोगशाळा उभारायच्या हे ठरत होते. प्रयोगशाळा म्हणजे वर्गखोल्या नव्हेत. पाणी, वायू, वीज यांच्या नळ्या कोठून न्यायच्या, धूर कोठून काढायचा, उद्या यंत्र बदलले तर भिंत कशी हलवायची, हे जाणणारे वास्तुकार देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते.

१९४५ मध्ये सरकारने त्यांना अमेरिकेस पाठविले. हार्वर्ड विद्यापीठात त्या वेळी वॉल्टर ग्रोपियस शिकवीत होते. जर्मनीत १९१९ मध्ये त्यांनी बाऊहाउस ही कलाशाळा काढली होती. इमारतीचे रूप तिच्या उपयोगातून यावे, यंत्रयुगाने दिलेले पोलाद, काच आणि काँक्रीट लपवू नये आणि वर चिकटवलेली नक्षी म्हणजे सौंदर्य नव्हे, हा त्या शाळेचा विचार. हिटलरच्या राजवटीत १९३३ मध्ये ती बंद पडली आणि ग्रोपियस इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेले. कानविंदे यांच्या वेळच्या विद्यार्थ्यांत पॉल रुडॉल्फ होते. पुढे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापुढे काचेचा पिरॅमिड उभारणारे आय. एम. पेई होते. या मंडळींनी अमेरिकेत नाव कमावले. कानविंदे १९४७ मध्ये परतले आणि सीएसआयआरचे मुख्य वास्तुकार झाले.

त्यांच्या परतण्याच्या वर्षाला अर्थ आहे. नवे सरकार आपले रूप शोधत होते. धरणे आणि पोलादाचे कारखाने यांच्याबरोबर राष्ट्रीय प्रयोगशाळा हाही त्या स्वप्नाचा भाग होता. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांची उद्घाटने जानेवारी १९५० मध्ये झाली. अहमदाबादेत विक्रम साराभाई हा तिशीतला शास्त्रज्ञ एकाच वेळी दोन संस्था उभारीत होता, विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी पीआरएल आणि गिरण्यांसाठी अतिरा. दोन्ही इमारतींचे काम त्याने कानविंदे यांच्याकडे दिले. पीआरएलची कोनशिला १९५२ मध्ये सी. व्ही. रामन यांनी बसविली आणि १९५४ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी इमारतीचे उद्घाटन केले.

या पहिल्या इमारतींवर हार्वर्डची छाप उघड दिसते. सपाट छत, लांबच लांब आडव्या रेषा, कामाच्या गरजेनुसार पसरलेले भाग, नक्षीचा मागमूस नाही. त्या काळच्या अहमदाबादकराला ही इमारत कारखान्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. गिरण्यांच्या शहरात ते काही दूषण नव्हते. मात्र या इमारती अहमदाबादेपेक्षा बोस्टनच्या उन्हाला अधिक शोभणाऱ्या होत्या, हेही नमूद केले पाहिजे. थंड प्रदेशात ऊन आत घ्यायचे असते आणि आपल्याकडे ते बाहेर ठेवायचे असते. कानविंदे यांच्या पुढच्या चाळीस वर्षांतील कामाकडे पाहिले तर ते या एका फरकाचे उत्तर शोधण्यात गेले, असे म्हणता येईल. बॅटलींचा धडा ग्रोपियसच्या धड्याला हळूहळू गाठू लागला.

१९५५ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि शौकत राय या अभियंत्याबरोबर दिल्लीत कानविंदे अँड राय ही संस्था काढली. वास्तुकार आणि अभियंता यांनी पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसायचे, ही तेव्हाची नवी गोष्ट होती. पुढे त्यात मोराद चौधरी आले. खांब आणि तुळयांची एक चौकट आखायची, तिच्याच आधाराने नळ्या आणि हवेच्या वाटा न्यायच्या आणि त्या चौकटीत गरजेप्रमाणे खोल्या भरायच्या किंवा मोकळ्या सोडायच्या, ही त्यांची कामाची रीत येथे पक्की झाली.

त्या वर्षांत दिल्लीत एक वाद रंगला होता. स्वतंत्र भारताच्या सरकारी इमारती दिसाव्यात कशा? बंगळुरूचे विधान सौध १९५६ मध्ये पूर्ण झाले ते घुमट, कमानी आणि कोरीव खांब घेऊन. दिल्लीचे अशोक हॉटेल आणि विज्ञान भवन यांनीही जुन्या वास्तूंची वळणे उचलली. दुसरीकडे चंदीगडला कार्बुझिए काँक्रीटचे नवे शहर उभारीत होते. मार्च १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद भरविला. त्याचे उद्घाटन नेहरूंनी केले. चंदीगड आवडो वा न आवडो, ते विचार करायला लावते, अशा आशयाचे त्यांचे भाषण तेथलेच. या परिसंवादाच्या मागे कानविंदे होते. त्याचा वृत्तांतही त्यांनीच संपादित केला. काँक्रीटच्या छतावर घुमट बसवून इमारत भारतीय होत नाही, या पक्षाचे ते होते. पुढे सत्तरी ओलांडल्यावर त्यांनीच शिखरांचे मंदिर उभारले. त्याबद्दल पुढे.

१९५९ हेच वर्ष त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाचेही. कानपूरजवळ कल्याणपूरला आयआयटीसाठी हजार एकरांहून अधिक जागा मिळाली होती. संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. हे मूळ विद्युत अभियंता. मुंबईच्या व्हीजेटीआयचे प्राचार्यपद सांभाळून आणि पवईच्या आयआयटीची पायाभरणी करून ते कानपूरला गेले होते. अमेरिकेतील नऊ विद्यापीठे या संस्थेला साहाय्य करणार होती. पण १९६० मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा संस्थेपाशी स्वतःची इमारत नव्हती. कानपुरातल्या हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत तिने संसार मांडला होता. उत्तर प्रदेशच्या मैदानात दोन मराठी माणसे, एक शिक्षणाची चौकट आखणारा आणि दुसरा काँक्रीटची, एका ओसाड माळावर उभी राहिली. केळकर यांना विज्ञान, अभियांत्रिकी आणि मानव्यविद्या यांच्यातल्या भिंती नको होत्या. कानविंदे यांना ते नकाशावर दाखवायचे होते.

त्यांनी काढलेला मार्ग साधा होता. शैक्षणिक इमारतींच्या मधल्या भागातून मोटारी बाहेर काढल्या. रस्ता कडेने नेला आणि आतला सारा भाग पायी चालणाऱ्यांचा केला. व्याख्यानगृहे, ग्रंथालय, प्राध्यापकांची इमारत, प्रयोगशाळा या जमिनीपासून उचललेल्या, छत असलेल्या लांब मार्गिकांनी जोडल्या. मार्गिकेच्या वर एक वाट, खाली सावलीची दुसरी वाट. ठिकठिकाणी जिन्यांऐवजी उतार. मे महिन्यात कानपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो आणि लू वाहते; पावसाळ्यात पाणी तुंबते. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना डोक्यावर सावली आणि पायाखाली कोरडी जमीन मिळते, ही सोय आहेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आणि विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक यांची वाट एकच होते. वाटेवर माणसे भेटतात, थांबतात, बोलतात. केळकर यांच्या अभ्यासक्रमात जे होते तेच या वाटांत उतरले.

कोकणातील गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना येथे दोन गडग्यांमधून, माडा-फणसांच्या सावलीतून जाणारी पाणंद आठवल्यावाचून राहणार नाही. आचऱ्याच्या मुलाने ती कानपूरला नेली असे म्हणण्यास पुरावा नाही, पण चालणाऱ्याची काळजी ही गोष्ट पुस्तकातून येत नाही.

बांधणीतही त्यांनी परिसराकडे पाहिले. गंगेच्या गाळाच्या मैदानात दगड नाही. वीटभट्ट्या मात्र जागोजागी. म्हणून चौकट काँक्रीटची आणि भरणा विटांचा. दोन्ही उघडे ठेवले, गिलावा दिला नाही. फळ्यांच्या साच्याच्या खुणा काँक्रीटवर तशाच राहिल्या. कोणता भाग भार वाहतो आणि कोणता नुसता आडोसा आहे, हे इमारतीकडे पाहून कळते. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांसाठी हा रोजचा पाठ होता. खोल छज्जे, आत ओढलेल्या खिडक्या, वारा खेळण्यासाठी सोडलेले चौक यांनी उन्हाचा बंदोबस्त केला. अतिराच्या सपाट भिंतीपासून कानपूरच्या खोल सावल्यांपर्यंतचे अंतर दहा वर्षांचे आहे आणि या दहा वर्षांत वास्तुकार बदललेला दिसतो. संस्था १९६३ पासून नव्या आवारात नांदू लागली. त्याच वर्षी तेथे आयबीएम १६२० हा संगणक आला आणि देशातील संगणकशिक्षणाचा आरंभ ज्या थोड्या ठिकाणी झाला त्यांत कानपूर गणले गेले. ग्रंथालयाला आता केळकर यांचे नाव आहे.

कानपूरच्या अनुभवावर आधारित, विद्यापीठांच्या आवारांची रचना कशी करावी याविषयीचे पुस्तक त्यांनी एच. जेम्स मिलर यांच्या सहकार्याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. अहमदाबादेत त्यांनी बांधलेले हरिवल्लभदास यांचे घर १९६४ चे. मोठ्या संस्थांच्या गर्दीत त्यांची खासगी घरे झाकली गेली आहेत.

त्यांची सर्वांत अनपेक्षित इमारत मेहसाण्यात आहे, आणि ती दुधाची डेअरी आहे. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि गुजरातच्या सहकारी संघांना मोठ्या डेअऱ्या हव्या होत्या. असे काम एरवी यंत्रपुरवठादाराकडे जाते. तो पत्र्याची शेड टाकतो आणि मोकळा होतो. कानविंदे यांनी दुधाच्या प्रवासाचे टप्पे समजून घेतले आणि इमारतीचे मजले त्या प्रवासाप्रमाणे रचले. यंत्रांची उष्णता आणि वाफ आपोआप वर निघून जावी म्हणून छतातून उंच काँक्रीटचे धुराडेवजा बुरूज वर काढले. लांबून हे बुरूज एखाद्या किल्ल्यासारखे दिसतात. पण ते शोभेसाठी नाहीत. ते काढले तर आत कामगारांना उभे राहता येणार नाही. उत्तर गुजरातेतल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची ही इमारत २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील दक्षिण आशियाच्या स्थापत्यावरील प्रदर्शनात मांडली गेली.

१९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८५ मध्ये भारतीय वास्तुकार संस्थेचे बाबुराव म्हात्रे सुवर्णपदक. त्याच वर्षी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते सुरू झाले. पुण्याच्या बालेवाडीतील राष्ट्रीय विमा अकादमीचे आवार हे त्यांच्या उत्तरकाळातले काम. दिल्लीच्या प्रगती मैदानालगतचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र १९९२ मध्ये उघडले.

या काळापर्यंत सिमेंटची चौकट साऱ्या देशाची झाली होती. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि त्यानंतरच्या काळात सटाण्यापासून सावंतवाडीपर्यंत तालुक्याच्या गावी कचेऱ्या, शाळा, दवाखाने, एसटीची स्थानके उभी राहिली. सपाट स्लॅब, आडवे छज्जे, सिमेंटच्या जाळ्या, लांब व्हरांडा. कोणा बांधकाम खात्याच्या नकाशावरून उतरलेल्या या इमारती त्या मोठ्या विचाराच्याच दूरच्या नातलग आहेत. सटाण्यासारख्या गावात त्यांची फेरी तासाभरात होते. मोठ्या शहरासारखा दिवस लागत नाही. गंमत अशी की बागलाण-खानदेशाला सपाट छत नवे नव्हते. लाकडी सरांवर मातीचा जाड थर दिलेली धाब्याची घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या होती आणि ती उन्हाळ्यात गार राहत. चार-पाच इंच जाडीची काँक्रीटची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. सिमेंट आले, पण धाब्याचे शहाणपण मागे पडले. कानविंदे यांनी ज्या फरकासाठी आयुष्यभर डोके खपविले तो फरक ठेकेदारांच्या हिशेबात कधी आलाच नाही. त्यांच्या नावावर न टाकता येणारा, तरीही त्यांच्या पिढीच्या वारशात मोडणारा हा भाग आहे.

काँक्रीटचा दुसरा दोषही लपविण्यासारखा नाही. उघडे काँक्रीट आपल्या पावसात काळवंडते, शेवाळ धरते. पाणी मुरले की आतली सळई गंजून फुगते आणि कपचे पडतात. त्याला दगडापेक्षा अधिक निगा लागते आणि निगेसाठी सरकारी संस्थांच्या अंदाजपत्रकात तरतूद कमी असते. मग कोणी रंग फासतो, कोणी वातानुकूलन यंत्रे टांगतो, कोणी व्हरांडा बंद करून खोली करतो. वास्तुकाराने वाऱ्यासाठी सोडलेली जागा सर्वांत आधी जाते.

शेवटच्या दशकातले इस्कॉनचे मंदिर अनेकांना कोड्यात टाकणारे ठरले. दक्षिण दिल्लीत ईस्ट ऑफ कैलासजवळच्या टेकडीवर उभे असलेले हे मंदिर १९९८ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते खुले झाले. ज्यांनी चार दशकांपूर्वी घुमट-कमानींच्या उसन्या वळणांना विरोध केला, त्यांनीच उंच शिखरे रचली. काहींना यात माघार दिसली. पण मंदिराला शिखर हवे ही त्या इमारतीचीच गरज आहे आणि डेअरीला बुरूज हवेत ही डेअरीची. या नजरेने पाहिले तर विरोधाभास बराच ओसरतो. तेथेही गर्दी कोठून येईल, कोठे थांबेल आणि कोठून बाहेर पडेल याचा विचार आधी, रूपाचा नंतर. सरकारी कचेरीवरचा घुमट आणि गाभाऱ्यावरचे शिखर या दोन गोष्टी एक नव्हेत.

२८ डिसेंबर २००२ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दिल्लीतील संस्थेचे काम त्यांचे पुत्र संजय कानविंदे आणि सहकारी यांनी पुढे चालविले.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षांत या साऱ्या पिढीच्या इमारतींवर संकट आले. एप्रिल २०१७ मध्ये प्रगती मैदानातील राज रेवाल यांचे हॉल ऑफ नेशन्स, जगभर वाखाणले गेलेले १९७२ चे काँक्रीटचे सभागृह, एका रात्रीत पाडले गेले. वारसा म्हणून विचार व्हायला इमारत साठ वर्षांची असावी लागते आणि ही पंचेचाळिशीतली होती, एवढे कारण पुरले. अहमदाबादेत व्यवस्थापन संस्थेने लुई कान यांच्या अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा विचार डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला. जगभरातून निषेध झाल्यावर तो मागे घेतला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती अशक्य असल्याचे सांगून पुन्हा नव्या बांधकामाची भूमिका घेतली. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचे स्थान मिळाले. त्यांच्या पाठोपाठच्या पिढीला, म्हणजे १९४७ नंतरच्या सार्वजनिक इमारतींना, तशी ढाल नाही. त्या जुन्या म्हणण्याइतक्या जुन्या नाहीत आणि नव्या म्हणण्याइतक्या चकचकीत नाहीत. शिवाय त्यांच्या जमिनीचा भाव वाढला आहे. कार्बुझिए आणि कान यांच्यासाठी निषेधपत्रे निघतात. दूधसागरच्या बुरुजांसाठी किंवा अतिराच्या प्रयोगशाळेसाठी कोण काढणार, हा प्रश्न आहे. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्या इमारतीसाठी कोणी रस्त्यावर येत नाही.

कानविंदे यांचे काम पाहू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला कानपूरला जाण्याची गरज नाही. पुण्याची विमा अकादमी ही निवासी प्रशिक्षण संस्था आहे, तेथे परवानगी लागते. वरळीचे विज्ञान केंद्र मात्र तिकीट काढून कोणालाही पाहता येते आणि शाळांच्या सहली तेथे नेहमीच असतात. आतले प्रयोग आणि बागेतली इंजिने पाहण्यापूर्वी इमारतीला बाहेरून एक फेरी मारावी, मग मजल्यामजल्याने वर जावे आणि शेकडो मुलांचा लोंढा एकमेकांवर न आदळता कसा फिरतो तिकडे थोडा वेळ पाहावे.